‘पोरगं अचानक मध्ये आलं’ : मुलांच्या रस्ते-अपघातांबद्दल संशोधन काय सांगतं

लहान मुलाला गाडीची धडक बसली की जमलेल्या गर्दीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. गाडीवाला म्हणतो, “पोरगं अचानक मध्ये आलं.” आणि कुणीतरी आईकडे नाहीतर आजीकडे बघून म्हणतं, “लक्ष कुठे होतं तुमचं?” दोन्ही वाक्यांत धरलेलं गृहीत एकच. मुलाने नीट बघितलं असतं, किंवा मोठ्यांनी हात घट्ट धरला असता, तर हे टळलं असतं.

हे गृहीत खरं आहे का, ते मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि अभियंते गेली साठेक वर्षं तपासत आहेत. त्यातून जे हाती आलं, ते ठाण्यात घोडबंदर रोडच्या आसपास मूल वाढवणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचायला हवं असं मला फार मनापासून वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्त्यावरचे अपघात हे आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. आजारांच्या लसी आपण तारीख लावून देतो. या कारणाकडे मात्र अजूनही नशीब किंवा निष्काळजीपणा म्हणूनच बघितलं जातं.

मुलाच्या डोळ्यांना काय दिसतं

२०११ मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या जॉन वॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. पडद्यावर समोरून येणारी गाडी दाखवायची आणि ती जवळ येतेय की नाही, हे मुलांना ओळखता येतं का ते तपासायचं. गाडीचा वेग ताशी साधारण ३२ किलोमीटरच्या वर गेला की मुलांना ती जवळ येतेय हे खात्रीने ओळखता येईना. मोठ्या माणसांना येत होतं.

हे असं का व्हावं? समोरून येणारी वस्तू जवळ येतेय हे डोळ्याला तिच्या मोठं मोठं होत जाण्यावरून कळतं. आता हिशोब करून बघा. पाच सेकंदांत आपल्यापाशी पोचणारी गाडी ताशी ३० ने येत असेल, तर या क्षणी ती ४२ मीटरवर आहे. तीच ताशी ६० ने येत असेल तर ८३ मीटरवर. पोचायला दोघींना सारखाच वेळ लागणार, पण वेगवान गाडी दूर आहे, म्हणून डोळ्यात तिचा आकार वाढण्याचा वेग निम्माच असतो. म्हणजे जी गाडी जास्त धोक्याची, तीच जास्त स्थिर भासते. हा सूक्ष्म फरक टिपण्याची क्षमता मेंदूत हळूहळू पक्व होते. सहा-सात वर्षांच्या मुलाने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, अगदी शिकवलं तसं सगळं केलं, तरी मानपाड्याजवळ मुख्य रस्त्यावरून साठने येणारी गाडी त्याला ‘उभी आहे, नाहीतर लांब आहे’ अशी दिसू शकते. त्याने बघितलंच नाही, हा आरोप बऱ्याचदा खोटा असतो. त्याने बघितलेलं असतं.

आयोवा विद्यापीठातल्या जोडी प्लमर्ट यांच्या गटाने २०१७ मध्ये याच्या पुढचा भाग दाखवला. मुलांना आभासी रस्त्यावर उभं केलं, समोरून एकामागून एक गाड्या, आणि मधली फट बघून रस्ता ओलांडायचा. गाड्या चित्रातल्या, त्यामुळे धोका शून्य. सहा वर्षांच्या मुलांना ८ टक्के वेळा ‘धडक’ बसली, दहा वर्षांच्यांना ५ टक्के, बारा वर्षांच्यांना २ टक्के. चौदाव्या वर्षी कुठे मुलं मोठ्यांच्या पातळीला आली. लहान मुलांनी निवडलेली फट बऱ्याचदा मोठ्यांच्या इतकीच असायची, पण पाऊल टाकायला त्यांना क्षणभर उशीर व्हायचा. ठरवणं आणि शरीर हलवणं यांची सांगड अजून बसलेली नसते. तो क्षणच घात करतो. आठ टक्के हा आकडा छोटा वाटत असेल, तर शाळेत रोज जाताना एकदा आणि येताना एकदा, असा वर्षभराचा गुणाकार मनातल्या मनात करून पाहा.

आणखी एक गोष्ट आपल्या गल्ल्यांसाठी महत्त्वाची. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातले जेम्स थॉमसन यांनी पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना विचारलं, इथून रस्ता कुठून ओलांडशील? पाच-सात वर्षांच्या मुलांचा नियम सरळ होता : गाडी दिसत नाही म्हणजे रस्ता सुरक्षित. वळणाच्या तोंडाशी किंवा उभ्या गाड्यांच्या मधून गाडी दिसत नाही, म्हणून त्यांना तीच जागा बरी वाटते. नौपाड्यात गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असताना जेमतेम सव्वा मीटर उंचीच्या मुलाला दिसतो तो फक्त पत्रा. चालकालाही मूल दिसत नाही. ‘अचानक आलं’ हे चालकाचं वाक्य त्याच्यापुरतं खरंच असतं. मूल अचानक यावं अशीच आपण ती जागा घडवलेली असते.

मग शिकवायचं नाही का? शिकवायचंच. थॉमसन यांनी ग्लासगोत पालक-स्वयंसेवकांकडून पाच ते सात वर्षांच्या मुलांना प्रत्यक्ष रस्त्याच्या कडेला उभं करून धडे दिले आणि मुलांचं वागणं सुधारलं. वर्गात चित्रं दाखवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी. पण २००२ मध्ये अशा प्रशिक्षणांवरच्या सगळ्या चांगल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. प्रशिक्षणाने मुलांचं ज्ञान आणि वागणं बदलल्याचे पुरावे होते. त्यामुळे जखमा किंवा मृत्यू कमी झाले, असं दाखवणारा पुरावा एकाही प्रयोगात नव्हता. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकातच हे मांडलं होतं, की लहान मुलाला आजच्या वाहतुकीला पुरेसं करून सोडणं शिकवणुकीने शक्य नाही. शाळेत वर्षातून एकदा रस्ता सुरक्षा सप्ताह, घोषवाक्यांची स्पर्धा, बक्षीस म्हणून पेन. हे वाईट नाही. पण एवढ्यावर आपण काम झालं असं समजतो, याचं मला वाईट वाटतं.

खरा गुन्हेगार : ऊर्जा

अमेरिकेतले विल्यम हॅडन पेशाने डॉक्टर होते आणि १९६६ मध्ये तिथल्या पहिल्या केंद्रीय रस्ते-सुरक्षा यंत्रणेचे प्रमुख झाले. त्यांचं म्हणणं असं, की चूक कोणाची हा पोलिसांचा प्रश्न आहे. जखम कशाने झाली हा विज्ञानाचा. आणि जखम होते ती ऊर्जेने. शरीर सोसू शकेल त्याहून जास्त ऊर्जा एका क्षणात शरीरात शिरली की हाड मोडतं, यकृत फाटतं, मेंदूला मार बसतो. त्यामुळे उपाय शोधायचे ते ही ऊर्जा निर्माणच होऊ नये, झाली तर शरीरापर्यंत कमी पोचावी, आणि पोचलीच तर नुकसान लवकर आवरावं, यासाठी.

त्यांनी नऊ चौकटींचा एक तक्ता केला. उभ्या तीन ओळी : माणूस, वाहन, परिसर. आडव्या तीन : धडकेआधी, धडकेच्या क्षणी, धडकेनंतर. समजा, संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ब्रह्मांड वसाहतीच्या बाजूला क्लासला निघालेल्या मुलीला दुचाकीने उडवलं. पथदिवा बंद होता, फूटपाथवर गाड्या होत्या म्हणून ती रस्त्यावरून चालत होती, दुचाकीचा वेग पन्नास होता, ब्रेक झिजलेले होते, उचलायला लोक पुढे आले पण मान आणि पाठ न सांभाळताच तिला रिक्षात घातलं. हे सगळं त्या तक्त्यात बसतं. ‘तिने नीट बघितलं नाही’ या वाक्याला नऊपैकी एका चौकटीचा कोपरा मिळतो.

वेगाचा हिशोब तर कोणालाही घरी करता येईल. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडायला चांगल्या चालकालाही एक सेकंद लागतो. ताशी ३० ने तेवढ्यात गाडी ८ मीटर पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३. ताशी ५० ला त्या पहिल्या सेकंदातच गाडी १४ मीटर गेलेली असते, आणि थांबेपर्यंत साधारण २८ मीटर. आता मूल १३ मीटरवर रस्त्यात आलंय असं धरा. तीसने येणारी गाडी त्याच्या पुढ्यात येऊन थांबते. पन्नासने येणारीचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो. ती मुलाला पूर्ण पन्नासच्या वेगाने धडकते. ‘थोडं कमी वेगाने’ धडकते असं नाही. आणि ताशी ५० ची धडक म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ३० ची म्हणजे पहिल्या मजल्यावरून. जूनमध्ये रस्ता ओला झाला की ही सगळी अंतरं वाढतात, आणि नेमकी तेव्हाच मुलं रेनकोटची टोपी डोळ्यांवर ओढून चालत असतात.

रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जिवघेण्या अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उलट दिशेलाही हे लागू आहे, आणि मला यात मोठी आशा दिसते. वेग थोडासाच उतरला तरी माणसं पुष्कळ वाचतात.

गाडीच्या आकाराचाही वाटा आहे. बुटकी गाडी मोठ्या माणसाच्या पायावर आदळते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच, उभ्या नाकाची एसयूव्ही मुलाच्या थेट छातीवर आणि डोक्यावर आदळते आणि त्याला खाली, चाकांकडे ढकलते. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात, बॉनेटची कड साधारण १ मीटरपेक्षा उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अशा गाड्या वाढताहेत. तिथेच मुलं सायकली चालवतात.

मूल म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे

नवजात बाळाच्या एकूण उंचीचा जवळपास चौथा भाग डोकंच असतं. मोठ्यांत हे प्रमाण सातवा-आठवा भाग. मानेचे मणके अजून अर्धेमुर्धे कूर्चेचे, स्नायू कमजोर. त्यामुळे धडकेत शरीर पट्ट्याने अडवलं आणि जड डोकं पुढे फेकलं गेलं, तर सगळा ताण मानेवर येतो. स्वीडनचे बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात यावर उत्तर शोधलं : अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठ टेकून ताण सोसतात, तसं बाळाला गाडीत उलट, म्हणजे मागे तोंड करून बसवायचं. मग धडकेचा जोर मानेवर एकवटण्याऐवजी पाठ, मान आणि डोकं यांवर मिळून पसरतो.

या क्षेत्रात आपल्या देशाचंही नाव आहे. आयआयटी दिल्लीतले दिनेश मोहन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत असताना उंचावरून पडलेल्या मुलांच्या डोक्याच्या जखमांचं गणित मांडलं. मुलाचं डोकं किती जोर सोसू शकतं, हे अशा अभ्यासांतून समजत गेलं. पुढे भारतात येऊन त्यांनी आयुष्यभर पादचारी आणि दुचाकीस्वार यांच्या बाजूने काम केलं. २०२१ मध्ये कोविडने ते गेले.

आता आपल्या घरचा प्रश्न. बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसणं. १० किलोचं बाळ, गाडीचा वेग ५०, आणि धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरलं, तर बाळाला धरून ठेवायला सरासरी १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. कोणतीही आई तेवढं पेलू शकत नाही, तिचं प्रेम कितीही असो. शिवाय पुढे एअरबॅग आहे, जी डोळ्याची पापणी लवण्याआधी उघडते आणि बाळासाठी स्वतःच जीवघेणी ठरू शकते. म्हणून मूल मागे, आणि बाळ चाइल्ड सीटमध्ये मागे तोंड करून. अशा सीटमुळे धडकेतले मुलांचे मृत्यू निदान ६० टक्क्यांनी टळतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पाच-सात वर्षांच्या मुलांचं मोठ्यांचा पट्टा लावून भागत नाही, कारण कमरेची हाडं पुरेशी वाढलेली नसतात आणि पट्टा सरकून मऊ पोटावर येतो. धडकेत आतडी आणि मणका दुखावतात. यासाठी मुलाला उंच बसवून पट्टा नीट जागी आणणारी साधी बूस्टर सीट पुरते. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४ ते ७ वर्षांच्या मुलांना बूस्टरमुळे दुखापतीची शक्यता नुसत्या पट्ट्याच्या तुलनेत ५९ टक्क्यांनी घटलेली दिसली. बारशाला आणि वाढदिवसाला आपण किती खर्च करतो! आजी-आजोबांनी नातवंडाला भेट द्यायचीच असेल तर ही द्यावी.

पण ठाण्यातली बहुतेक मुलं गाडीतून नाही, स्कूटरवरून शाळेत जातात. पुढे पायाच्या जागेत उभं राहिलेलं मूल, मागे बसलेलं दुसरं, हेल्मेट फक्त बाबांच्या डोक्यावर. पुढे उभं राहिलेल्या मुलाचं डोकं हँडलच्या आणि आरशांच्या रेषेत असतं आणि धडकेत मागून चालवणाऱ्याचं सगळं वजन त्याच्यावर येतं. कायदा स्पष्ट आहे : २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं, आणि फेब्रुवारी २०२३ पासून ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांनाही मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा हार्नेस आणि ताशी ४० ची वेगमर्यादा. या वयासाठी प्रमाणित सायकल-हेल्मेट चालतं, असं नियमातच आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण छोट्या मापाचं हेल्मेट मिळत नाही ही तक्रार बऱ्याच जणांची असते. हार्नेसमुळे पेंगलेलं मूल घसरत नाही. डोकं वाचवायचं काम हेल्मेटचंच. दुचाकीस्वारांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे की हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा लावलेला नसेल तर मात्र ते डोक्याआधी रस्त्यावर पोचतं.

रस्ता बदलला की काय होतं

१९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर चारशेहून जास्त मुलं गेली. तिथले आई-बाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाने आंदोलन उभं राहिलं, आणि तिथल्या वस्त्यांमधले रस्ते हळूहळू असे बदलले गेले की गाडीला वेग घेताच येऊ नये. म्हणजे आज जो देश सायकलींचा म्हणून ओळखला जातो, तो आधीपासून तसा नव्हता.

श्रीमंत देशांना जमतं, आपल्याला कसं जमेल, असं कुणी म्हणेल. टांझानियातल्या दार एस सलाममध्ये अमेंड नावाच्या संस्थेने शाळांभोवती अगदी साधी कामं केली. गतिरोधक, झेब्रा, चालायला वेगळी पट्टी, आणि काही ठिकाणी शाळेचं फाटक मोठ्या रस्त्यावरून हलवून शांत बाजूला घेणं. ज्या भागांत हे केलं आणि ज्या भागांत केलं नाही, अशी तुलना करून पाहिली, तेव्हा मुलांच्या दुखापती सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. फाटकाची कल्पना मला आपल्यासाठी फार मोलाची वाटते. पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली या पट्ट्यात वस्ती आणि शाळा वाढत गेल्या, आणि शेजारच्या रस्त्यावरून बंदराकडे आणि गुजरातकडे जाणारे कंटेनर तसेच धावत राहिले. त्यात मेट्रोच्या कामाचे पत्रे. शाळेला मागच्या गल्लीकडे एक दार असेल, तर ते उघडायला महापालिकेचं टेंडर लागत नाही.

आणि गतिरोधक. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या अभ्यासात घराजवळ गतिरोधक असलेल्या मुलांना गाडीची धडक बसण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी दिसलं. पण गतिरोधक म्हणजे कोणता? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार असा सांगितलाय. त्यावरून ताशी २५ ने गाडी आरामात जाते आणि त्याहून वेगात गेली की बसणाऱ्याला दणका बसतो. आपल्याकडे बरेचदा दिसतात त्या रबराच्या अरुंद पट्ट्या. चार महिन्यांत अर्धे तुकडे उखडतात, आणि दुचाकीवाले कडेच्या फटीतून वेग न सोडता निघतात, म्हणजे नेमके मुलं उभी असतात तिथून. त्याहूनही चांगला उपाय म्हणजे झेब्राच फूटपाथच्या उंचीला उचलून घेणं. मूल वर दिसतं, गाडी हळू होते, आणि आजीला पायरी उतरावी लागत नाही.

पुढचा अपघात व्हायची वाट न बघता

सहसा काय होतं? एखादं मूल जातं, मग मोर्चा निघतो, मग गतिरोधक येतो. संशोधकांनाही ही अडचण होती, कारण एका चौकात वर्षाला एखाद-दुसराच अपघात होतो आणि तेवढ्यावरून काही सिद्ध करता येत नाही. त्यावर ‘होता होता राहिले’ अशा प्रसंगांची मोजणी करायची पद्धत निघाली. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात क्रिस्टर हिडेन यांनी १९८० च्या दशकात ती पक्की केली. करकचून लागलेला ब्रेक, ऐनवेळी वळवलेली स्कूटर, अर्ध्यातून मागे पळालेलं मूल. अशा प्रसंगांच्या नोंदींवरून जागा किती धोक्याची आहे हे अपघाताआधीच कळतं.

हे काम पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करू शकतो. शाळा सुटायच्या वेळी दोघांनी फाटकाशी उभं राहायचं, प्रत्येक प्रसंगाची वेळ, जागा, वाहनाचा प्रकार आणि नेमकं काय झालं ते वहीत लिहायचं. वाहनाचा नंबर किंवा माणसाचं नाव नको, कारण शोध जागेचा आहे. आठवडाभराच्या नोंदी आणि फोटो झाले की आपल्या प्रभाग समितीच्या कार्यालयात आणि वाहतूक शाखेत एकाच मजकुराचं पत्र द्यायचं. रस्ता महापालिकेचा, पीडब्ल्यूडीचा की एमएमआरडीएचा यात पत्र फिरत राहण्याची शक्यता मोठी, म्हणून तिघांनाही प्रत. मागणी मोघम ‘उपाययोजना करावी’ अशी नको. ३.७ मीटर रुंदीचा गतिरोधक, झेब्राच्या अलीकडे पार्किंगबंदी आणि ती टिकवणारे खांब, शाळेचं मागचं दार, असं नाव घेऊन मागा. पत्राची पोच घ्यायला विसरू नका. तिच्यावरचा आवक क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रात लागतो.